कागदाला भिणारा पॅनमन

सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे पालथे घातले तरी माझ्या मेहुण्याइतका भित्रा माणूस सापडायचा नाही. हे मी त्याच्या तोंडावर सांगतो आणि तो मान डोलावतो. भित्रा म्हणजे सापाला, भुताला भिणारा नव्हे. साखर कारखान्यात जिथं उसाचा रस आटून दाणा धरतो, त्या पॅनच्या धगीत हा चौतीस हंगाम उभा आहे. एकदा वाफेचा पाइप फुटला. सगळे जिन्यावरनं खाली पळाले. हा एकटा वर जाऊन व्हॉल्व बंद करून आला आणि विचारतो काय, "माझा च्या कुणी प्याला?" हा माणूस भितो फक्त कागदाला. छापील कागद, त्यावर शिक्का आणि तो हातात धरणारा साहेब, हे तिन्ही एका जागी आले की याची वाचा बसते, कान लाल होतात आणि पाय दाराकडं वळतात. लग्न केलंच नाही. यादीवर सही करावी लागते म्हणून केलं नाही, असं आमची ही म्हणायची.

एकदा त्याच्या नावानं रजिस्टर पाकीट आलं. पोस्टमननं सहीला पेन पुढं केलं, तसा हा मागच्या दारानं जो गेला तो अकरा दिवस बेपत्ता. हिनं रडून रडून डोळे सुजवले. शेवटी लोणंदच्या बाजारात कांद्याची पोती उचलताना सापडला. हीच गेली आणि दंडाला धरून घेऊन आली. पाकिटात काय निघालं? दूरच्या भाच्याची लग्नपत्रिका. लग्न तोवर होऊनही गेलं होतं. तेव्हापासनं बँक असो, तलाठी असो, हिनं याला एकटं पाठवलं नाही. साहेबाच्या खुर्चीशेजारी जाऊन उभी राहायची आणि म्हणायची, "त्येंच्याकडं बघू नगंस. माझ्याकडं बघ आन् सांग." मग हा बहिणीच्या तोंडाकडं बघून साहेबाला उत्तरं द्यायचा. साहेब लोक चिडायचे, पण काम व्हायचं.

दुसरी खोड बोटांची. पॅनमधनं नमुना काढायचा, अंगठा आणि पहिल्या बोटात घेऊन तार ओढायची आणि दाणा आला का सांगायचं, हे त्याचं काम. पण माणसाची बोटं कारखान्यातच राहत नाहीत. चहा, पिठलं, न्हाव्याच्या वाटीतला साबण, सगळं हा दोन बोटांत घेऊन बघतो. फलटणच्या रस्त्याचं काम चाललं होतं, तर सायकल थांबवून डांबरात बोटं घातली. फोड आले. फोडांवर फुंकर घालत मुकादमाला म्हणाला, "कच्चं हाय." त्या रस्त्याला दिवाळीच्या आत खड्डे पडले.

गंमत अशी, की एवढं कळत असून विचारल्याशिवाय सांगायचा नाही. मुकादमानं "काय बघतोयस रं?" म्हणून दरडावलं तेव्हा कुठं बोलला. पोरगेला असताना थोरल्या पॅनमनच्या आधी "झाला" म्हणाला होता, तर त्यानं थोबाडीत देऊन विचारलं होतं, "तुला कुणी इचारलं?" ती थोबाडीत अजून त्याच्या गालावर आहे. पॅनवरसुद्धा हाताखालची माणसं "माल खाली सोडायचा का?" म्हणून विचारत राहतात, तेव्हा हा बोलतो. घरी लाडवाचा पाक चढवला की ही चुलीपाशी याला बसवायची आणि विचारायची, "पाक झाला का रं?" हा बोटं लावून म्हणायचा, "थांब." पुन्हा विचारायची. "झाला, आक्का. उतार." हिच्या लाडवांचं गावात नाव होतं. निम्मं याच्या बोटांचं होतं, हे कुणाला सांगितलं नाही.

गेल्या वर्षी आमची ही गेली. जायच्या आदल्या दिवशी मला म्हणाली, "तुमाला मी काय सांगनार? पन माज्या भावाला कागदाफुडं एकटं सोडू नगा. त्यो पळून जाईल." मी हो म्हणालो. हो म्हणायला काय जातंय?

आणि हंगाम संपत आला असताना कारखान्यावर नोटीस लागली. ज्यांच्याकडं प्रमाणपत्र नाही, त्यांना पुढच्या हंगामापासनं पॅनवर घेणार नाही, यार्डात पाठवणार. मात्र शाळा-कॉलेजची अट नव्हती. जे काम येतं ते करून दाखवायचं, तोंडी प्रश्नांची उत्तरं द्यायची, की सरकारी प्रमाणपत्र. लोक म्हणाले, सोपं आहे. मला मात्र घाम फुटला. यार्डात उसाच्या गाड्या मोजत बसला तर हा माणूस वर्षभर टिकायचा नाही, आणि कागदाला भिऊन पळाला तर आणायला जाणारी राहिली नाही. त्या दिवसापासनं मी रोज सकाळी त्याच्या दारात चप्पल आहे का बघायला जायचो. चप्पल दिसली की जीवात जीव यायचा. तो आतनं म्हणायचा, "हाय दाजी, हाय." मलाही आता त्याच्याशिवाय दुसरं कोण होतं?

परीक्षेच्या दिवशी मी त्याला धरूनच नेला. मीही तीस वर्षं त्याच कारखान्यात काढलीत, तेव्हा मला गेटवर कुणी अडवलं नाही. परीक्षा घ्यायला सांगलीहून एक बाई आल्या होत्या. वयानं लहान, बोलायला मऊ. करून दाखवायचं ते यानं डोळे मिटूनही दाखवलं असतं. मग खाली ऑफिसात बसवलं. बाईंनी टॅबचा कॅमेरा याच्या तोंडावर धरला आणि छापील कागदावरचं वाचलं, "अतिसंपृक्तता म्हणजे काय, ते तुमच्या शब्दांत सांगा."

मेहुण्याचे कान लाल झाले. त्यानं एकदा दाराकडं बघितलं. एकदा बाईंच्या खुर्चीशेजारी बघितलं. तिथं कुणी नव्हतं.

"काका, घाबरू नका. वेळ आहे," बाई म्हणाल्या.

याचे पाय टेबलाखाली चप्पल शोधायला लागले. मी उठलो, बाईंच्या खुर्चीशेजारी जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "बाई, हे काय इचारलंत ते मला चौथी पास माणसाला सांगा."

त्या म्हणाल्या, "रस इतका आटलाय की आता दाणा धरणार, ही वेळ कशी ओळखायची?"

"आसं मराठीत बोला की! मी इचारू का त्याला?"

"तुम्ही तुमच्या शब्दांत विचारा. उत्तर मात्र त्यांनीच द्यायचं."

मी म्हणालो, "माज्याकडं बघ रं." आणि हिच्यासारखाच, जमेल तेवढ्या मऊ आवाजात, विचारलं, "पाक झाला का रं?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग दोन बोटं वर आली. "थांबा दाजी," म्हणाला, "आदी तार बघाया पायजे." आणि जो सुटला तो अर्धा तास. तार किती लांब ओढली की तुटावी, दाणा बारीक पडला तर काय, नको असलेला फसवा दाणा उठला तर पाणी कवा मारायचं, पॅनच्या काचेवरनं रस कसा घरंगळतो. बाईंचा चहा गार झाला. टॅबची बॅटरी संपली. शेवटी त्याच म्हणाल्या, "बास काका, पास आहात."

प्रमाणपत्र उन्हाळ्यात आलं. सही करून मीच घेतलं. मी वाचलं आणि त्यानं लांबनंच ऐकलं. "नापास कुटं लिवलं न्हाई न्हवं?" एवढंच विचारलं, आणि कागद माझ्याच ट्रंकेत ठेवायला लावला. त्याच्या घरात ठेवला तर झोप येणार नाही म्हणाला.

परवा दिवाळीला म्हणालो, घरात लाडू होऊ देत. रवा मी भाजला, पाक चढवला आणि मेहुण्याला चुलीपाशी बसवलं. त्यानं बोटं लावली आणि माझ्याकडं बघत बसला. मला कळत होतं, तो कशाची वाट बघतोय ते. ऑफिसात विचारलं तेच विचारायचं होतं. पण त्या चुलीपाशी, तिच्या पातेल्यापुढं, माझ्या तोंडातनं शब्द फुटेना. तोही विचारल्याशिवाय बोलेना. पाक आटत राहिला.

लाडू दगडासारखे झालेत. दात दोघांचेही थोडेच उरलेत. रोज संध्याकाळी तो येतो, दारात चप्पल काढतो, आणि आम्ही दोघं एकेक लाडू तोंडात धरून गप बसतो. विरघळायला लय वेळ लागतो. तेवढा वेळ तो कुठं जात नाही.