पाठकोरे कागद

आमच्या कंपनीच्या कॉम्प्युटरला एक वाईट खोड होती. त्याला कुठं काही दुखलं की तो थेट मोठ्या साहेबांच्या पडद्यावर ओरडायचा. साहेब उत्पादनाचा तक्ता बघतायत आणि मधेच टुंग! एक इंग्रजी ओळ आडवी. सॉफ्ट एरर, ब्लॉक अमुक तमुक, रिकव्हर्ड.

“हे काय आहे?” साहेब विचारायचे.

“काही नाही सर. डिस्क वाचताना अडखळली. मग वाचलं तिनं.”

“मग मला कशाला सांगते?”

मी त्या ओळी कोपऱ्यातल्या प्रिंटरकडे वळवल्या आणि हात झटकले.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी पेणहून रोज एसटीनं रोह्याला जायचो. केमिकल कंपनी, आणि तिचा कॉम्प्युटर विभाग म्हणजे मी एकटा. एसटीत माझ्या शेजारी धरमतरकडचा एक बदली कामगार बसायचा. घरचं काम मिठागरातलं, पण त्याला कंपनीत कायम व्हायचं होतं आणि त्यासाठी ठरलेले दिवस भरावे लागत. हजेरीचं मस्टर आम्ही मोठ्या दिमाखात बंद करून कॉम्प्युटरवर घेतलं होतं. म्हणजे त्याचे सगळे दिवस फक्त त्या मशीनमध्ये.

“साहेब, अजून किती?” तो रोज विचारायचा.

“तीन आठवडे.”

“बगा हां, तुमच्या हातात हाय.”

“माझ्या कसलं, मशीनच्या!” मी ऐटीत सांगायचो.

तिकडे प्रिंटर बिचारा खडखडत होता. शनिवारी त्याचे कागद आम्ही वाटून घ्यायचो, कारण एक बाजू कोरी. कुणाच्या घरी हिशेबाला, कुणाच्या घरी फळीवर घालायला. माझ्या वाटचे आईकडे जायचे. ती पापडाच्या डब्यांत ते खाली-वर घालायची. आई शाळेतून निवृत्त झालेली. छापील काही समोर आलं की लाल पेन्सिल हातात घेऊन वाचल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

एका रविवारी सकाळी तिनं हाक मारली. “अरे, हा तुझा कोण विद्यार्थी आहे रे? सारखा एकाच जागी अडतोय.”

जमिनीवर तिनं डब्यांतले कागद ओळीनं मांडले होते. महिन्याभरापूर्वीच्या कागदावर दोन लाल गोल. पुढच्यावर सहा-सात. कालचा कागद नुसता लालेलाल, आणि प्रत्येक गोलात तोच ब्लॉकचा, म्हणजे डिस्कवरल्या जागेचा, आकडा.

“अगं, ते आपोआप सुधारतं. रिकव्हर्ड लिहिलंय बघ.”

“सुधारतं, तर पुन्हा तेच कसं चुकतं? वाचलं नाहीस तू?”

नव्हतं वाचलं. डिस्कची प्रत दर महिन्याला टेपवर घ्यायची असते, आणि मी दोन महिने चालढकल केली होती.

मिळाली ती एसटी धरली. वाटभर मी कॉम्प्युटरवर चिडून होतो. लेका, ब्लॉकचा आकडा सांगतोस, तो माझ्या घराचा नंबर आहे का? त्यात कुणाची फाइल आहे, कितव्यांदा अडलास, मी काय करू, हे कोण सांगणार? रोहा येईपर्यंत मात्र तो राग माझ्यावरच उलटला. तोंड तर मीच दाबलं होतं त्याचं.

प्रत घ्यायला लावलेली टेप बराच वेळ सुरळीत चालली आणि एका फाइलवर थांबली. प्रिंटर खडखडायला लागला. दहा-बारा ओळी पडल्या. मी देवाचं नाव घेत उभा. शेवटी टेप पुढं सरकली. बुधवारी डिस्कनं मान टाकली.

नवी डिस्क आली, टेपवरून सगळं परत चढवलं, आणि दिवस भरताच माझा शेजारी कायम झाला.

मग मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. ओळी मोजायचं काम त्याचं. एकाच जागी तीनदा अडलं, की सकाळी माझ्या पडद्यावर एकच ओळ, इंग्रजी अक्षरांत पण मराठीत: कुठली डिस्क, कुणाची फाइल, कधीपासून, कितीदा, आणि शेवटी ‘आजच प्रत घे’. साहेबांना फक्त नवी डिस्क घ्यायची वेळ आली तर सांगायचं.

फाइलचं नाव दाखवायचं म्हणून टेपवरच्या यादीत त्या जुन्या ब्लॉकचाही पत्ता शोधला. बदली कामगारांची हजेरी. त्यातही नेमके माझ्या शेजाऱ्याचे महिने. मशीन रोज पुन्हा पुन्हा धडपडून याचे दिवस वाचत होतं, ओरडून सांगत होतं, आणि मी कागद पापडांना देत होतो. मला फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी एसटीत मी त्याला सगळं सांगून टाकलं. खिडकीशी बसलेला तो माझ्याकडे वळला.

“आमच्या मिठागराच्या बांधाला खेकड्यानं भोक पाडलं,” तो म्हणाला, “तं जो पयला बगंल त्यानं वरडायचं. आनि वरडणाऱ्याला कुनी गप केलं...”

“तर?”

“गप करणाऱ्याला पुन्ना बांधावर उभा नाय करत.”

मग तो उठला आणि “आता तुमी बगा,” म्हणत मला खिडकीची जागा दिली.