केस जिंकले, पण सांगू कुणाला?

मंडळी, स्वतःचं ऑफिस काढल्यापासूनची पहिली मोठी केस आज जिंकले.

माझ्या पक्षकार इथून जवळच्या तिरुवैयारु गावच्या संगीतशिक्षिका. नवरा गेल्यावर दिराने त्यांना बाहेर काढून घराला कुलूप लावलं होतं. आज कोर्टाने कुलूप उघडून द्यायचा हुकूम दिला. बाईंनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. "आता मुली परत घरी गाणं शिकायला येतील, मॅडम," एवढंच म्हणाल्या आणि बस पकडायला गेल्या.

मी शहरातल्या जुन्या राजवाड्यामागच्या माझ्या एका खोलीच्या ऑफिसात परतले. सिनियर वकिलांकडे कामाला होते तेव्हा निकाल लागला की आम्ही सगळे मिळून कॉफी प्यायचो. तिथून बाहेर पडताना हे सुटेल असं मनातही आलं नव्हतं.

तिथल्या मैत्रिणीला फोन केला. "कामात आहे गं, मग बोलते," म्हणाली.

शेवटी खालच्या कॉफीवाल्यांना तमिळमध्ये सांगितलं. "बरं झालं, मॅडम," ते हसून म्हणाले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. कॉफी उभ्यानेच प्यायले.

एकट्याने काम करणाऱ्यांनो, चांगली बातमी तुम्ही आधी कुणाला सांगता? मी तुम्हाला सांगतेय.