माळवद धुणारा खलाशी

झरीपासून समुद्र किती लांब आहे हे झरीत कुणालाच माहीत नव्हतं, कारण तिथं कुणाचं काही अडलेलं नव्हतं. निजामसरकारच्या राज्यात सगळं होतं. स्वतःची रेल्वे होती, स्वतःचं नाणं होतं, स्वतःचं टपाल होतं. समुद्र तेवढा नव्हता. आणि अशा राज्यातला, अशा गावातला आश्रुबा आरमारात चाकरी करून आला होता. गावानं त्याचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकमतानं ठरवलं की हा मधली वर्षं कुठंतरी चहाच्या हाटेलात होता.

खरं म्हणजे आश्रुबा निघाला होता मनमाडच्या मामाकडं, बापाशी भांडून. मनमाडला मामा सापडेना म्हणून समोर उभ्या गाडीत जरा टेकला, आणि डोळा उघडला तो मुंबईत. तिथं एक रांग दिसली. लढाईच्या दिवसांत रांग दिसली की माणूस आधी उभा राहायचा, पुढं रॉकेल मिळतंय की आरमार हे नंतर बघायचा. आश्रुबाला आरमार मिळालं.

बंदूक त्याच्या वाट्याला फारशी आली नाही. डेक आला. जहाजाचं वरचं अंगण म्हणजे डेक, आणि ते रोज पहाटे धुवायचं असा आरमाराचा शिरस्ता. आश्रुबानं ते लढाईभर धुतलं आणि लढाई संपल्यावरही धुतलं. मग पोलीस ॲक्शनच्या साली, धामधूम निवल्यावर, दिवाळीच्या तोंडावर तो एक पत्र्याची पेटी आणि ही एकच सवय घेऊन झरीला परत आला.

पहिल्याच संध्याकाळी पाटलांनी, म्हणजे किशनरावांनी, त्याला चावडीवर बोलावून घेतलं.

"आश्रुबा, ह्यो तुजा दर्या आपल्या दुधना नदीएवढा असंल का?"

"दुधना? पाटील, त्याला पल्याडचा काठच न्हाई."

"म्हंजी दिसत न्हाई, का हायेच न्हाई?"

"असंल कुठंतरी. पर दिसत न्हाई."

किशनरावांनी पानाला चुना लावता लावता विचार केला. "काठ न्हाई, तर मग एवढ्या पाण्याला धरून कोण ठेवतं?"

हा प्रश्न आश्रुबाला आरमारात कुणी विचारला नव्हता. तो म्हणाला, "सरकार."

पाटलांना ते पटलं. सरकार काय काय धरून ठेवतं हे त्यांनी पाहिलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे आश्रुबाला जाग आली आणि त्यानं डेक शोधला. आमच्याकडची घरं माळवदाची. लाकडांवर चिपा, चिपांवर पाला, पाल्यावर पांढरी माती थापून केलेलं सपाट छत. वर उभं राहिलं की चारी दिशांना काळं रान, सपाट, थेट आभाळाला टेकलेलं. आश्रुबानं ते पाहिलं आणि त्याचा ऊर भरून आला. त्यानं चार बादल्या पाणी वर चढवलं आणि खराटा घेऊन माळवद धुवायला सुरुवात केली.

खाली त्याची बायको मनकर्णा भाकरी करत होती. लग्न आरमाराच्या आधीचं, संसार मात्र आत्ताच सुरू होत होता. तिच्या काठवटीत एक थेंब पडला. मग दुसरा. मग थेंबांची धार झाली आणि तिला चहाचा रंग आला.

"अवं!" ती बाहेर येऊन ओरडली. "काय करायलाव वर?"

"डेक धुवायलो."

"काय धुवायलाव?"

"डेक!"

"ते माळवद हाय! मातीचं हाय! माती कुणी धुतं का?"

"घान हुती म्हनून धुवायलो."

"घान न्हाई ती, माती हाय! सगळी धुतली म्हंजी काय ऱ्हाईल, आभाळ?"

या प्रश्नातली अक्कल आश्रुबाला त्या दिवशी कळली नाही, आणि नंतरही महिनाभर कळली नाही. तो रोज धुवायचा. त्याचा नाइलाज होता. पहाट झाली की हात आपोआप बादलीकडं जायचे. मनकर्णा पाटी डोक्यावर पालथी घालून भाकरी करायला शिकली. अखेर एका सकाळी वरून पाणी आलं नाही, माळवदच आलं. हातभर रुंदीचा तुकडा मळलेल्या पिठात बरोब्बर मधोमध उतरला, आणि वरच्या भोकातून खराटा हातात घेतलेला आश्रुबा खाली वाकून बघायला लागला.

मनकर्णानं हात धुतले, लुगडं झटकलं आणि गाठोडं बांधलं.

"दर्यातनं जित्ते आलाव, आन् आता घरात बुडवायलाव का? ऐका. ह्या घरावर देवाचं पानी पडंल ते पडंल. तुमच्या बादलीचं पडनार असंल, तर मी ह्या घरात न्हाई." आणि ती माहेरी, पिंगळीला निघून गेली.

आश्रुबानं बादली उलटी करून ठेवली. आठवडाभर त्यानं मन मारलं. एकदा मारुतीचा पार धुऊन पाहिला, पण त्यावर माणसं झोपलेली होती आणि त्यांनी तक्रार केली. शेवटी बायकोला आणायला तो परभणीहून गाडीत बसला आणि पिंगळीला उतरला.

उतरला आणि तिथंच उभा राहिला. पिंगळीचं स्टेशन म्हणजे एक खोली, एक घंटा आणि शहाबादी फरशीचा फलाट. पण फलाट लांबलचक, सपाट. दोन्ही अंगांना मोकळं रान आणि पुढं काळा धूर सोडत भोंगा वाजवणारं इंजिन. आश्रुबाला यापेक्षा कमी सामानात जहाज दिसलं असतं.

सासूनं, बायनाबाईनं, जावयाला रात्री जेवायला धपाटे घातले. मनकर्णा त्याच्याशी बोलली नाही. पहाटे जावई अंथरुणात नव्हता. तो स्टेशनवर फलाट धूत होता.

स्टेशनमास्तर दिनकरराव नव्यानेच बदलून आलेले. त्यांना वाटलं, आधीच्या साहेबांनी नेमलेला माणूस असेल. पोर्टरला वाटलं, नव्या साहेबांनी नेमला. आश्रुबाला कुणीच काही विचारलं नाही म्हणून त्याला वाटलं, पिंगळीचे लोक समजूतदार आहेत. चौथ्या दिवशी दिनकररावांनी त्याला एका कोपऱ्यात राहिलेला तंबाखूचा डाग दाखवला, तेव्हा तर तो कायमच झाला.

पण आडावर बायका बोलायला लागल्या. "का गं मनकर्णे, जावई न्यायला आला हुता का झाडायला?"

दुसरी म्हणाली, "लय चांगला हाय गं. ह्यो फलाटभर पानी वततो, आमचा भाऊजी साधं चुळीचं पानी उचलत न्हाई."

मनकर्णाची मान खाली गेली. घर पाण्यानं गेलं होतं, आता माहेरची इज्जतही पाण्यात निघाली. दुसऱ्या दिवशी पहाटे ती त्याला ओढून आणायच्या इराद्यानं स्टेशनावर गेली.

फलाट ओला होता. आश्रुबा कडेला उभा होता, हात पाठीमागं, तोंड उगवतीकडं, आणि कापसाच्या रानाकडं असा बघत होता की जणू त्या रानात काहीतरी मोठं, हलणारं आहे. आरमारातून आल्यापासून तिनं त्याला इतकं सुखात पाहिलं नव्हतं. ती पुढं निघाली.

"थांब!" तो ओरडला. "पाय धुऊन ये! डेक वला हाय."

दुसरी एखादी असती तर तिनं खराटा उचलून मारला असता. मनकर्णा फरशीकडं बघत उभी राहिली.

"ह्याच्या खाली काय हाय?" तिनं विचारलं.

"कशाच्या?"

"ह्या फरशीच्या."

"खाली?" आश्रुबानं आधी असा विचार केला नव्हता. "जमीन."

"म्हंजी हितलं पानी कुनाच्या काठवटीत पडत न्हाई."

"न्हाई."

"मग घरी चला. जमीन आपल्या घरी बी हाय."

लोक जावयाला आंदणात भांडी देतात. बायनाबाईनं फरशी दिली. शहाबादी फरश्या बैलगाडीत घालून झरीला आल्या, दारापुढच्या अंगणात बसल्या, आणि गावाला जहाज मिळालं. त्याचे कायदे कडक होते. फरशीवर थुंकायचं नाही, जनावर बांधायचं नाही, चपला घालून चढायचं नाही. किशनराव पाटील एकदा जोड्यासकट चढले तर आश्रुबानं त्यांना खाली उतरवलं आणि खाली उतरल्यावर मग नमस्कार केला. गावातल्या बायका मात्र ज्वारी वाळवायला तिथंच यायला लागल्या. झरीत तेवढी स्वच्छ जागा दुसरी नव्हती.

माळवद मनकर्णानं स्वतः नव्यानं करून घेतलं. पांढरी माती आणली, चोपली, सारवली. मातीचं छत एकदा भिजून खचलं की त्याचं मन लवकर वळत नाही. कितीतरी पावसाळे ते एका कोपऱ्यात ठिबकत राहिलं. दर मृगाला मनकर्णा वर बघायची, मग आश्रुबाकडं बघायची. शिडी ती घरात ठेवायची, आपल्या अंथरुणाशेजारी.

असं होता होता साठ साल आलं. एक मेच्या सकाळी शाळेपुढं झेंडा लागला, गुरुजींनी भाषण केलं, आणि भाषणात सांगितलं की आपल्या राज्याला भलामोठा समुद्रकिनारा लाभला आहे. तसा तो छप्पन साली मुंबई राज्यात गेलो तेव्हाही मिळाला होता. पण तेव्हा तो गुजरातबरोबर सामाईकात होता. आता वाटण्या झाल्या, आणि आपला दर्या आपल्या नावावर लागला.

किशनरावांना चावडीवरचा जुना सवाल आठवला. "आश्रुबा, पानी सरकार धरून ठेवतं म्हनला हुतास न्हवं? आता सरकार आपलं हाय. थोडं हिकडं सोडतंय का बघ की."

"खारं असतंय, पाटील."

"मग ऱ्हाऊ दे तिकडंच."

पण आश्रुबाचं तिकडं लक्ष नव्हतं. तो तरातरा घराकडं निघाला होता. त्या दिवशी नेमकं माळवदावर कुरडया आणि खाली बाजेवर पापड वाळत घातलेले असल्यामुळं शिडी बाहेर होती. त्यानं बादली भरली, काखेत खराटा मारला आणि माळवदावर चढला. मागून शाळेपुढची सगळी गर्दी अंगणात आली, फरशी सोडून, कडेकडेनं.

मनकर्णा पिठाच्या हातांनी बाहेर आली. तिनं वर पाहिलं. ती ओरडली नाही, त्यामुळं गर्दी जास्त घाबरली.

"खाली या."

"एकच बादली, मनकर्णे. आज राज्याला दर्या आला. डेक धुतल्याबिगर सलामी कशी द्यावी?"

"आला का?"

"आला."

"कोन म्हनलं?"

"गुरुजी म्हनले. सरकार म्हनलं."

"मग सरकारला सांगा," मनकर्णा म्हणाली, "त्या दर्याला म्हनावं, हायेस तितंच थांब. माजं माळवद आत्ता कुठं वाळलंय."

सगळे आश्रुबाच्या बादलीकडं बघत होते. आश्रुबा एकदा पायांखालच्या पांढऱ्या मातीकडं बघत राहिला, एकदा लांब रानाकडं. मग तो वळला, आणि काठोकाठ भरलेली बादली एका हातात घेऊन शिडी उतरायला लागला. पायरी हलली, तो हलला, बादली हलली नाही. माळवदावर एक थेंब सांडला नाही, कुरडयांवर सांडला नाही. हा माणूस हाटेलात नव्हता हे गावाला त्या दिवशी पटलं.

खाली येऊन त्यानं बादली फरशीवर ओतली. मनकर्णानं दाराशी जाऊन तांब्यातलं पाणी पायांवर घेतलं, पाय नीट धुतले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा दुसरा खराटा हातात घेऊन फरशीवर चढली.

"तुमी तिकडनं लागा, मी हिकडनं," ती म्हणाली. "आन् बाजंवरच्या पापडावर शितोडा उडाला, तर बघा."