येताना मलाही आणा

सुमतीताई गेल्याचा फोन त्यांच्या लेकीने केला, तेव्हा मी पारनेरच्या बाजारात कांद्याच्या गोण्या उतरवत होतो. हातातली गोणी खाली ठेवली आणि तिच्यावरच बसून राहिलो... आज मी चारचौघांसारखा बाजारात येतो-जातो, ते या बाईंमुळे.

जहाजावर नोकरीला असताना चाच्यांनी आम्हाला ओलीस धरलं होतं. सुटून गावी आलो, तर गावाने हौसेने फटाक्यांची माळ लावली आणि तो बंदुकीसारखा आवाज ऐकून सत्कारमूर्ती, म्हणजे मी, थेट ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली! लोकांचं काय चुकलं? त्यांना आनंदच झाला होता. घरात मात्र त्याहून अवघड होतं. तिकडे बंदूकवाल्याला विचारल्याशिवाय जागचं हलता येत नसे. ती सवय अंगात मुरली होती. पाणी प्यायचं तरी मी आईला विचारायचो, "उठू का?" आई डोळ्यांना पदर लावायची. "ऊठ की रं, तुजंच घर हाय."

कंपनीने नेमलेल्या समुपदेशक म्हणून सुमतीताई नगरहून एसटीने यायच्या. वाटलं होतं, खोदून खोदून विचारतील. त्यांनी मला दाराजवळची खुर्ची दिली आणि स्वतः आईसोबत भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या. आईला मात्र बजावलं, "त्याने विचारलं तर हो म्हणायचं नाही आणि नाहीही म्हणायचं नाही."

आई भडकली. "तहानेलं पोर इचारतंय आन् म्या गप बसू व्हय? ह्ये कसलं औषिद?"

"तुम्ही हो म्हणता तोवर तो तिकडेच अडकलेला राहील, आई."

एका दुपारी माझा घसा कोरडा पडला. दोनदा विचारलं. ताई शेंगा फोडत राहिल्या, आई ओठ दाबून बसलेली. मला संताप आला... सुटून आल्यापासून पहिल्यांदाच. ताडकन उठलो आणि माठाकडे गेलो. मागून ताईंचा शांत आवाज आला, "येताना मलाही आणा."

आई रडायलाच लागली.

पुढे पुष्कळ बोलणं झालं, हळूहळू झोपही लागू लागली. समुद्रावर परत गेलो नाही, याबद्दल ताईंनी कधी हळहळ व्यक्त केली नाही. त्यांचे उपकार कसे सांगू?

परवा नगरला त्यांच्या घरच्यांना भेटायला गेलो. तहान लागली, तसा उठलो, स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यालो आणि परत आलो. ताईंच्या रिकाम्या खुर्चीसमोर उभा राहिलो, तेव्हा लक्षात आलं, माझ्या हातात भरलेला पेला होता. त्यांच्या लेकीने तो घेतला आणि त्याच खुर्चीत बसून ती सगळं पाणी प्याली.