गाळलेली ओवी

तृप्तीचं इंग्रजी कच्चं होतं, असं कुणी म्हणालं तर ते साफ खोटं. जालन्याच्या खासगी दवाखान्यात नर्स असलेली ही बाई डॉक्टरांची गिचमिड अक्षरं घडाघडा वाचायची. तरी परदेशी नोकरीसाठी लागणारी इंग्रजीची परीक्षा तिनं दोनदा दिली आणि दोन्ही वेळा वाचनाच्या पेपरातच आपटली. आयर्लंडच्या एका इस्पितळानं नोकरी कबूल केली होती, पण ती तिसऱ्या खेपेच्या निकालापर्यंतच. आता नापास झाली तर विषय संपला.

दुखणं इंग्रजीचं नव्हतंच, पोथीचं होतं. सासूबाई झुंबरबाईंची नजर काचबिंदूनं गेल्यापासून तृप्ती त्यांना रोज संध्याकाळी पोथी वाचून दाखवायची. त्यांना अख्खी पोथी पाठ. एक अक्षर निसटलं की "मागं जाय" म्हणायच्या आणि तृप्ती निमूट मागं जायची. शब्द गाळणं म्हणजे पाप, हे तिच्या हाडीमाशी खिळलं होतं. परीक्षेत मात्र तीन लांबलचक उतारे आणि तास एकच. तिथं आधी प्रश्न बघायचे, उताऱ्यावरून नजर फिरवायची, हवं तेवढंच उचलायचं. तृप्ती पुटपुटत शब्दन् शब्द वाचत बसायची आणि तिसरा उतारा कोराच राहायचा.

"एक शब्द अडला की तिथंच बसून राह्यलीस तू," नवरा सोमेश्वर चिडायचा. बियाण्याच्या कारखान्यातून दमून आला तरी तो मोबाईलवर वेळ लावून सराव घ्यायचा. "सोड अन् पुढं पळ."

"सुटत न्हाई हो."

शब्दाला शब्द लागायचा आणि ताटं तशीच राहायची.

झुंबरबाई भिंतीला टेकून ऐकायच्या. तृप्ती पास झाली की हे दोघं परदेशी. धाकटा लेक सांभाळेल, पण पोथी वाचणारं घरात कुणी उरणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी तृप्तीनं पोथी उघडली. थोडं वाचून झाल्यावर झुंबरबाई म्हणाल्या, "आता पुढली ओवी सोड."

"आत्याबाई?"

"सोड म्हन्ते ना. त्याच्या म्होरली वाच."

तृप्तीनं बोट त्या ओवीवरून खाली सरकवलं. तिनं ओवी गाळली. झुंबरबाईंनी हात जोडून कपाळाला लावले. "पाप लागलं तं मला लागू दे. उद्या बिलकुल मागं जाऊ नको."

संभाजीनगरच्या केंद्रात तिसऱ्या उताऱ्याचा एक परिच्छेद तिला काही केल्या कळेना. ओठ हलायला लागले. पडद्याच्या कोपऱ्यात वेळ उतरत होती. पुन्हा पहिल्यापासून वाचावंसं इतकं वाटलं की रडूच येईल. तिनं ओठ दातांखाली धरला आणि परिच्छेद टाकून ती पुढं गेली. शेवटचं उत्तर भरलं नि पडदा बंद झाला.

निकाल आला तेव्हा ती दवाखान्यात होती. हवे तेवढेच गुण, रतीभरही जास्त नाहीत. रिक्षा करून ती घरी आली आणि दारातच थबकली. शेजारची बेबीनंदा झुंबरबाईंपुढे बसून अडखळत पोथी वाचत होती.

"हे कधीपासून?" तृप्तीनं विचारलं.

"तू परीक्षेला गेल्तीस, त्या दिवसापासून. तू ड्यूटीला गेलीस की येती ती. लई अडखळती, पर मी शिकवून राह्यले," झुंबरबाई म्हणाल्या. "निकालाचं काय झालं?"

तृप्ती उंबऱ्यातच बसली. तिला हुंदका फुटला.

झुंबरबाईंनी कान देऊन ऐकलं. "रडून राह्यलीस," त्या म्हणाल्या, "म्हंजी पास झालीस."