बाबांनी भरलेली बिअर

रेगेन्सबर्गच्या त्या घराचं तळघर आठवलं की आधी वास येतो. ओल्या भिंतींचा, साठवलेल्या सफरचंदांचा, मुरत असलेल्या बिअरचा. एवढ्याशा खिडकीतून दुपारचं ऊन तिरपं आत उतरायचं आणि मला तिथंच बसल्या बसल्या झोप यायची.

ज्याच्याशी मी लग्न ठरवलं होतं, तो जर्मन माणूस तिथं बिअर करायचा. एरवी अघळपघळ, पण बाटल्या भरायच्या दिवशी श्वाससुद्धा बेतानं घेणार. झोपलेल्या बाळाला पाळण्यात ठेवावं तशी बिअर बाटलीत उतरवायचा. नळी तळाला टेकवायची, खळखळ होऊ द्यायची नाही, फेस तोंडाशी आला की लगेच झाकण. आत हवा मिसळली की बिअर महिन्याभरात ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते, हे त्यानं मला इतक्यांदा ऐकवलं होतं की मी वैतागायचे. कळलं रे बाबा, एकदा कळलं!

त्या वर्षी बाबा पुण्याहून आले ते तोंड फुगवूनच. आयुष्यभर पंचशील पाळलेला माणूस, आणि लेक निघाली घरात दारू करणाऱ्याशी लग्न करायला. त्यांनी नाही म्हटलं नव्हतं, पण होही म्हणत नव्हते. त्याचा उल्लेख ‘तुझा तो’. माझ्याकडून शिकलेलं मराठी बिचाऱ्याच्या तोंडातच राहायचं. बाबांच्या होकाराशिवाय लग्न करायला माझं मन धजत नव्हतं, आणि एवढी शिकलेली मी, हे कबूल करायची लाज वाटायची.

बाटल्या भरायच्या दिवशी, वर एकटं बसून कंटाळले म्हणून बाबा खाली आले. तो झाकणं आणायला गेला होता, मी पाठमोरी बाटल्या विसळत होते. वळून बघते तर नळी बाजूला पडलेली, पिंपातली बिअर जगमध्ये, बाटलीवर नरसाळं, आणि बाबा हातभर उंचावरून धार धरतायत. घरी सकाळचा चहा ते असाच निववायचे. एक थेंब सांडत नव्हता. उन्हात धार मधासारखी दिसत होती आणि बाटलीत नुसता फेसच फेस.

माझं डोकंच फिरलं. ओरडणार, तेवढ्यात तो दारात दिसला. चेहरा पार उतरलेला. त्यानं माझा दंड धरला आणि हळूच म्हणाला, "ओतू दे."

मग तो एकेक बाटली बाबांपुढे धरत राहिला. बाबा ओतत होते, मधेच काहीतरी गुणगुणत होते. ती दुपार संपूच नये असं मला वाटत होतं.

बाबा परत गेल्यावर महिन्याभरानं पहिली बाटली उघडली. शी! पुठ्ठाच. मी बेसिनमध्ये ओतायला निघाले, तर त्यानं ग्लास काढून घेतला आणि निवांत पीत बसला.

त्या रविवारी बाबांचा फोन आला. स्पीकर चालू होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, मी भरलेली कशी झाली? मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "बाबा, एकदम छान."

मग बाबा मला म्हणाले, "जावईबापूंना सांग, एक बाटली लग्नापर्यंत ठेवा. मी पिणार नाही. नुसती बघेन."