दिसेल पण सापडणार नाही असा नकाशा

"मॅडम, नकाशा तर दिसला पाहिजे. पण जागा कोणाला कळायला नको."

नानांनी हे इतक्या शांतपणे सांगितलं की मी वहीत लिहून घेतलं आणि मग पेन खाली ठेवलं. नाना जळगावचे जुने दलाल, प्लॉट आणि घरं विकणारे. मी धुळ्याची, वेबसाइट बनवते. नानांच्या वेबसाइटवर नकाशा बसवायचं काम माझ्याकडे होतं.

"नाना, नकाशा जागा कळावी म्हणूनच असतो."

"तो लोकांचा. आपला सिक्युरिटीवाला पाहिजे."

सिक्युरिटी मी आधीच केली होती. नकाशा पुरवणारी कंपनी आपल्याला एक चावी देते, म्हणजे एक लांबलचक सांकेतिक शब्द. तो उघडा राहिला तर कोणीही उचलून आपल्या नावावर नकाशे वापरतं. म्हणून ती चावी फक्त नानांच्याच वेबसाइटवर चालेल असं बंधन घातलं. पाच मिनिटांचं काम. नानांना त्यात काडीचा रस नव्हता.

त्यांची भीती वेगळी होती. धुडकू आबांचा एरंडोल रस्त्याच्या आतल्या बाजूचा प्लॉट नानांकडे विकायला होता. लेखी काही नाही, नुसता शब्द. गिऱ्हाईक थेट आबांकडे पोचलं की नाना बाहेर. त्यामुळे गिऱ्हाईक गाडीत बसल्याशिवाय नाना जागेचं नाव काढत नसत. बसल्यावरही त्याला चार गल्ल्या उगाच फिरवत, रस्ता लक्षात राहू नये म्हणून.

मी म्हटलं, पिनऐवजी मोठं वर्तुळ दाखवू. नाना म्हणाले, "वर्तुळाचा मध्य शाळेतलं पोरगंही काढतं. पिन दरवेळी नवीन जागी पडली पाहिजे. आणि प्लॉटच्या जवळ तर मुळीच नको."

"आणि नकाशा हलवता, मोठा करता यायला नको," त्यांनी जाता जाता जोडलं.

मी समजावलं, वाद घातला, शेवटी हात टेकले. खरी जागा सर्व्हरवर, म्हणजे आमच्याकडच्या कॉम्प्युटरवरच ठेवली. पान उघडलं की पिन प्लॉटपासून थोडी लांब, कुठल्याही दिशेला पडायची. एकदा केळीच्या मळ्यात, एकदा वीटभट्टीत, एकदा पोल्ट्रीच्या पत्र्यावर. लोकांनी फोन करून विचारलं, प्लॉट सरकतो का? नाना खूश. "बघा, डोकं चालवलं की नाही!"

त्यांचा आनंद दोन आठवडे टिकला. मी वेबसाइटच्या दुसऱ्या कामासाठी त्यांच्या ऑफिसात बसले होते आणि त्यांचा फोन वाजला. आबांचा आवाज एवढा मोठा की फोन स्पीकरवर टाकायची गरजच पडली नाही.

"नाना, तुन्हं गिऱ्हाईक मन्हा वट्टावर बठेल शे. लवकर ये."

नानांचा चेहरा पडला. गिऱ्हाईक थेट मालकाच्या ओट्यावर, सौदा गेला, असं ते दोनदा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "चला मॅडम. तुमच्या नकाशाचा पराक्रम बघायला चला." नकाशा आता माझा झाला होता! मला खरंच राग आला, पण हे काम हातचं जाईल ही धास्तीही होती. गेले मुकाट्याने.

आबांच्या ओट्यावर दीपनगरच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेलं एक जोडपं चहा पीत होतं. बाईंना सगळे अक्का म्हणत होते. त्यांच्या मांडीवर टॅब होता आणि टॅबच्या काचेवर लाल टिकल्या. कपाळाला लावायच्या टिकल्या, अख्खं पाकीट संपवलेलं.

"रोज चहाच्या वेळी पान उघडायचे," अक्का मला कौतुकाने सांगू लागल्या. "पिन पडली की तिथे टिकली. नकाशा हलत नव्हता म्हणून बरं झालं बाई. टिकल्यांचं असं गोल कडं तयार झालं आणि मध्ये एवढीच जागा रिकामी. म्हटलं, इथेच का कधी पडत नाही? स्कूटर काढली, आलो. वेबसाइटवरच्या फोटोतलं कडुनिंबाचं झाड समोरच!"

घाण्याच्या बैलाची पावलं दिसली की घाणा कुठे ते विचारावं लागत नाही. जवळ नको आणि हलायला नको, नानांच्या दोन्ही अटींनी अक्कांना मदत केली होती. मी नानांकडे बघितलं. नाना कडुनिंबाकडे बघत होते.

"म्हणजे सौदा झालाच तुमचा," नाना कसेबसे म्हणाले.

"कसाना सौदा!" आबा कळवळून म्हणाले. "चहा पिता पिता अमळनेरनं नाव निंघनं. मन्ही सूनना मामा म्हणजे अक्कानी जाऊना सख्खा भाऊ. बठ्ठा सोयरा निंघनात! आते भाव कसा करवा? आमनी जीभ रेटत नही. आते तूच भांड."

अक्काही मान डोलावत होत्या. "आम्ही कमी करा म्हणालो तर उद्या लग्नकार्यात तोंड कसं दाखवायचं? तुम्ही परके. तुम्ही बोला."

नानांच्या अंगात एकदम जीव आला. त्यांनी बाह्या सरसावल्या. पुढचा तासभर त्यांनी एकट्याने दोन्ही बाजूंनी भांडण केलं. आबांना लोभी म्हणाले, भाऊसाहेबांना, म्हणजे अक्कांच्या यजमानांना, कंजूस म्हणाले. दोन्ही सोयरे एकमेकांना पोह्यांचा आग्रह करत होते आणि नानांवर चिडल्याचं नाटक करत होते. मध्येच आबा नानांना गोठ्यामागे नेऊन पुटपुटले, "आखो ताण, भाव सोडू नको." अक्कांनी मला स्वयंपाकघरात गाठून निरोप दिला, "त्यांना म्हणावं, अजून थोडं खाली आणा." मी निरोप पोचवला. शेवटी भाव ठरला, ओट्यावर गूळ वाटला गेला आणि नानांची दलाली दोन्ही घरांनी आनंदाने कबूल केली.

परतीच्या वाटेवर नानांनी आधी उरलेला गूळ संपवला. मग म्हणाले, "पिन खऱ्या जागी टाका. झाडासकट दिसू द्या."

"आणि सिक्युरिटी?"

"राहू द्या हो. फक्त गिऱ्हाइकाला विचारायची सोय करा. मूळ गाव, मामाचं गाव, सासरवाडी."

ते तीन रकाने आजही त्या वेबसाइटवर आहेत आणि भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही.

माझ्या धंद्यातला नियम असा की कुलूप लावण्याआधी आपल्या घरात चोरण्यासारखं काय आहे ते बघावं. प्लॉट आबांचा होता. नानांच्या मालकीचं होतं ते चारचौघांत वाईट व्हायचं धाडस, आणि ते फुकट दिलं तरी कोणी घेत नाही.